ताप कधीपासून?

कॅम्पसवरच्या दवाखान्याच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसले. गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. कॅम्पस कुठला ते सांगत नाही, गोव्यातला आहे एवढं पुरे. असे दवाखाने सगळीकडे साधारण सारखेच असतात. दोन खोल्या, तपासायची एक खाट, वजनकाटा, औषधांचं कपाट, सकाळी डॉक्टरबाई आणि उरलेला वेळ मी. खिडकीची काच वीतभरच वर सरकायची. त्यामुळे पोरं वाकून बोलायची, मला आधी कपाळ दिसायचं आणि मग डोळे. त्या कपाळांना माझा पहिला प्रश्न ठरलेला: ताप कधीपासून?

उत्तरही ठरलेलं. "कालपासून, सिस्टर."

हा काल फार ताणला जातो. कुणाचा काल परवा असतो, कुणाचा गेल्या रविवारचा. मुद्दाम खोटं कुणी बोलत नाही. चार दिवस अंगावर काढले म्हटलं तर सिस्टर ओरडेल ही भीती असते, शिवाय मधे एक दिवस गोळी घेऊन बरं वाटलेलं असतं आणि तो दिवस हिशेबातून गळतो. यंदा माझी भाची हॉस्टेलवर राहायला गेली. तिच्यासाठी चार गोष्टी लिहायला बसले तर पहिली हीच सुचली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दिवस मोजा

पावसात आणि गणपतीच्या चवथीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत तापवाल्यांची रांग दाराबाहेर जाते. त्यात साधा व्हायरल ताप पुष्कळ, पण डेंग्यू असतो, मलेरिया असतो, लेप्टोही (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असतो. पहिल्या दिवशी सगळे एकसारखेच दिसतात. त्यातून निवड करायला डॉक्टरांना दोन गोष्टी लागतात: तापाचा कितवा दिवस आणि तुम्ही कुठे कुठे फिरून आलात.

डेंग्यूच्या रक्ततपासण्या दोन. एनएस-वन नावाची तपासणी विषाणूचा अंश शोधते, ती पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची. पुढे तो अंश रक्तातून कमी होत जातो. मग शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी आयजीएम करावी लागते आणि ती पाचव्या दिवसाच्या आसपासपासूनच काही सांगू लागते. आता सातव्या दिवशीचा मुलगा "कालपासून" म्हणाला की चिठ्ठीवर एनएस-वन लिहिली जाते, ती निगेटिव्ह येते आणि मुलगा मेसमध्ये जाऊन सांगतो, डेंग्यू नाय रे, नॉर्मल ताप.

दुसरं कारण याहून मोठं आहे. डेंग्यूत ताप उतरला की पोरं सुटलो म्हणतात, आणि नेमके तेच दोन दिवस आम्ही धास्तावलेले असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे ताप खाली येतो, आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा धोका असतो तोही त्याच वेळी. पोटात सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, लघवीला कमी होतंय, नुसतं पडून राहावंसं वाटतंय, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना उघडायची वाट बघत बसू नका.

सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता. सप्टेंबर महिना, चवथ तोंडावर आलेली. खिडकीशी आला तो सही मागायला, दोन दिवस प्रॅक्टिकलला गैरहजर होता म्हणून. "आता बरा आहे, सिस्टर, ताप गेला." थर्मामीटरही ९८.४ दाखवत होता. सवयीने मी बीपीचा पट्टा बांधला. पहिल्यांदा आकडा नीट लागला नाही, म्हणून पुन्हा फुगवला. पट्टा सोडला तर कोपराच्या खोलगट भागात आणि त्याच्या खाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटलेले. आधी नव्हते. बोटाने दाबले, तरी तसेच राहिले. साधं पुरळ असतं तर दाबल्यावर क्षणभर फिकं पडलं असतं. मी पुन्हा विचारलं, "खरा कधी आला ताप?" मान खाली घालून म्हणाला, "सोमवारी." तो शुक्रवार होता. सही बाजूला राहिली. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि कॅम्पसच्या गाडीतून तो बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या म्हणजे गोमेकॉच्या इस्पितळात गेला. त्या वर्षी त्याची चवथ वॉर्डातच झाली. मे महिन्यात भेटायला आला तो घरची आंब्याची साटां (आंबापोळ्या) घेऊन. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी साटां नकोत, तारीख आण.

तर तारीख आणायची कशी? अंग पहिल्यांदा कोमट लागलं की मोबाईलवर एक नोंद उघडा. तारीख, वेळ, थर्मामीटरचा आकडा, घेतलेली गोळी. बस. रोज दोन ओळी. साधा डिजिटल थर्मामीटर कुठल्याही फार्मसीत मिळतो, खोलीत एक असावाच. "अंग तापलंय" ही माहिती नव्हे, १०१.६ ही माहिती.

कुठे फिरलात तेही न विचारता सांगा. पावसात शेतात उतरला होता, पायाला चीर होती, गुडघाभर पाण्यातून गेलात, तर लेप्टोचा विचार करावा लागतो आणि त्याचं औषध लवकर सुरू झालेलं बरं असतं. हॉस्टेलच्या मागे बांधकाम चालू आहे, पाणी साठलंय, संध्याकाळी डास फोडून काढतात, हे मलेरियाच्या स्लाईडसाठी, म्हणजे रक्त तपासायचं का ते ठरवायला, कामाचं. आणि जानेवारी ते मे या काळात घरच्या काजूच्या बागायतीत जाऊन आलात तर ते आवर्जून सांगा, विशेषतः सत्तरीकडची पोरं असाल तर. माकडताप तिथे २०१५पासून माहीत आहे. तो गोचिडीतून होतो. काजू गोळा करायला गेलो होतो, हे कुणाला आजाराशी जोडावंसं वाटत नाही. पण आम्हाला वाटतं.

बरं असताना एकदा जाऊन या

आजारी पडून पहिल्यांदा दवाखाना शोधणारे फार. रात्री दहा वाजता खोलीतल्या मुलाला उलट्या होताहेत आणि चौघे जण एकमेकांना विचारताहेत, दवाखाना लायब्ररीच्या मागे का कॅन्टीनच्या? प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात जा, ओळखपत्र दाखवून नाव नोंदवा, केस पेपर किंवा फाईल काढून घ्या. रक्तगट आठवणीने सांगू नका, जुना रिपोर्ट दाखवा. बी पॉझिटिव्ह म्हणून सांगितलेले ओ निघालेले मी पाहिलेत. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर त्याचं नाव घरून विचारून आणा. "लहानपणी कसल्यातरी इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या" एवढ्यावर आम्ही काय करणार? दमा, फिट, साखर, थायरॉईड काहीही असेल तर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो फाईलला लावा. ब्रँडचं नाव प्रत्येक फार्मसीत मिळेलच असं नाही, आतल्या औषधाचं नाव मात्र सगळीकडे तेच.

तिथे असतानाच पाच गोष्टी विचारून घ्या. डॉक्टर कुठल्या वारी, किती ते किती. रविवारी कोण. रात्री कुणाला फोन करायचा. गाडी कुठे उभी असते आणि चावी कुणाकडे. फुकट काय, पैसे कशाचे. चावीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, पण चावी ज्याच्याकडे तो चहाला गेलाय, असं झालेलं आहे.

दुपारची वेळ सांभाळा. गोव्यात एक ते तीन सगळं थंडावतं, दवाखानाही. शीतकडी खाऊन सिस्टर जरा पाठ टेकते, त्यात लाज कसली. तातडीचं असेल तर दार वाजवा. सर्दीसाठी वाजवू नका.

कॅम्पसवर होतं ते ताप, खोकला, जुलाब, ड्रेसिंग, टिटॅनसचं इंजेक्शन, बीपी-साखर बघणं, साधी औषधं. एक्स-रे, सोनोग्राफी, टाके घालायची मोठी जखम, तज्ज्ञ डॉक्टर यातलं काही नसतं. आमच्याकडे जे मिळतं त्यात सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. बांबोळीला नुसते गेलात तर पहिल्यापासून सुरुवात. चिठ्ठीवर तापाचा दिवस, बीपी, दिलेली औषधं लिहिलेली असली की पुढच्याचं अर्धं काम झालेलं असतं.

खिडकीशी काय बोलावं

ज्या भाषेत दुखतं त्या भाषेत बोला. कोकणी, मराठी, हिंदी, काहीही. घरी जुलाब म्हणणारी पोरं खिडकीशी आली की इंग्रजीत शिरतात आणि मला 'स्टमक अपसेट' एवढंच कळतं. त्यात गॅसपासून अपेंडिक्सपर्यंत सगळं मावतं. किती वेळा झाले, पाण्यासारखे का, रक्त आहे का, पाणी प्यायलं तर टिकतं का, शेवटची लघवी कधी झाली, हे सांगा. दुखत असेल तर बोट ठेवून दाखवा. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं ऐकलं की मी रांग मोडून आत घ्यायची.

रांग मोडायचा हक्क काही तक्रारींना असतोच. दम लागतोय, छातीत दुखतंय, रक्त थांबत नाही, चक्कर येऊन पडलाय, तर मागे उभे राहू नका, पुढे येऊन मोठ्याने सांगा. गोव्याची पोरं भिडस्त. दम्याने ओठ निळसर पडलेली एक मुलगी सर्दीवाल्या सहा जणांच्या मागे शांतपणे उभी होती.

आणि ज्या गोष्टी मोठ्याने सांगवत नाहीत त्या कागदावर लिहून काचेखालून सरकवा. हे मी एका चुकीनंतर शिकले. चूक माझीच. नोकरीची सुरुवातीची वर्षं, बाहेर बाकावर दहा-बारा पोरं, आणि मी आतून हाक मारली, "प्रेग्नन्सी टेस्ट कोणाची?" कुणी उठलं नाही. ती मुलगी पुन्हा कधी दवाखान्यात आली नाही. समोरून गेली तरी मान वळवायची. त्यानंतर मी खिडकीपाशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवलं. तुमच्या दवाखान्यात गठ्ठा नसेल तर वहीचं पान फाडा. "डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय" एवढं लिहिलं तरी पुरतं.

आणखी एक कबूल करून टाका: आधी काय गिळलंय ते. रूममेटच्या बॅगेतली अर्धी उरलेली ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक तापाच्या दुसऱ्या दिवशी पोटात गेलेली असते आणि ते कुणी सांगत नाही. पाकिटावर मागे उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा त्या रेघेचा अर्थ. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. आणि जिथे उपयोग होता तिथे अर्ध्या डोसाने तपासणीचा निकाल बिघडतो, जंतू मात्र शहाणा होतो.

तापात पॅरासिटामॉल बरी. पण सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तीच मिसळलेली असते, म्हणून दोन्ही घेणारा नकळत दुप्पट घेतो. धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत सगळं मिळून चार ग्रॅमची हद्द ओलांडायची नसते, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि तिथवर जायची वेळ येऊच नये. दोन डोसांत सहा तास जाऊ द्या. डेंग्यूची शंका असेल तोवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांच्या वाटेला जाऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. फार्मसीवाला "अंगदुखीची" म्हणून देतो ती बहुधा यातलीच असते, नाव वाचून घ्या.

पपईच्या पानांचा रस विचारूच नका. दर पावसात हॉस्टेलमागच्या पपईची झाडं बोडकी झालेली दिसायची. रस पिऊन उलट्या झाल्या की अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. त्यापेक्षा पेज प्या. मेसच्या मावशीला सकाळी सांगितलं तर उकड्या तांदळाची पेज मिळते, वर मीठ, बाजूला लोणच्याची फोड. जुलाब-उलट्यांत ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. ग्लासात चिमूट-चिमूट घातलं की क्षाराचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्या. चवीच्या डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, नाव काहीही छापलेलं असो.

घरी कळेल का?

हा प्रश्न खिडकीशी शब्दांत कुणी विचारत नाही, डोळ्यांत असतो. अठरा पूर्ण असतील तर तुमच्या फाईलमधलं तुमच्या संमतीशिवाय आईबाबांना, वॉर्डनला किंवा प्राध्यापकांना सांगायचं नसतं. जिवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. तुम्ही सुरुवातीलाच विचारा: हे कुठे लिहिलं जाईल आणि कोण वाचेल? विचारायचा हक्क आहे.

मुलींसाठी सरळ लिहिते, आडवळणाचा कंटाळा आलाय. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी चांगली. ती चिठ्ठीशिवाय मिळते. महिन्यातून चारदा घ्यायची ती वस्तू नाही, आणि ती संसर्गापासून वाचवत नाही. पाळी आठवडाभर लांबली तर आधी टेस्ट करा, घाबरणं त्यानंतर. अठरा वर्षांवरच्या बाईला कायदेशीर गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, आईची, मित्राची, कुणाचीही सही नको. कायदा १९७१चा, २०२१ साली सुधारला. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. चौकातल्या फार्मसीतून गोळ्या आणून खोलीत एकटीने हे उरकू नका. रक्त जास्त गेलं तर रात्री दोन वाजता कुणाला उठवणार?

झोप येत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही, हेही दवाखान्यात सांगायचं दुखणं आहे. पोरं डोकेदुखी म्हणून येतात. तिसऱ्यांदा डोकेदुखी घेऊन आलेल्याला मी आत बसवून चहा द्यायचे, पाच मिनिटांत खरं दुखणं बाहेर यायचं. कॅम्पसवर समुपदेशक असेल तर वेळ घ्या. रात्री कुणाशीच बोलता येत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. औषधाची गरज असेल तर बांबोळीला गोमेकॉजवळच मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे. तिथे जाणं म्हणजे भरती होणं नाही, बहुतेक जण ओपीडीत दाखवून दुपारी परत येतात. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, एवढं पाळा.

रात्र आणि बांबोळी

रात्री आधी वॉर्डन किंवा गेटवरचा सिक्युरिटी, मग गाडी. गंभीर असेल तर थेट १०८. फोनवर पहिल्यांदा जागा सांगा, मग आजार: कुठलं गाव, कुठला कॅम्पस, कुठलं गेट, कुठलं हॉस्टेल, कितवा मजला. ॲम्ब्युलन्सवाल्याला कॅम्पसच्या आतले रस्ते माहीत नसतात, म्हणून एकाने टॉर्च घेऊन गेटवर जाऊन उभं राहायचं. त्या एकाच्या नादाने बाकीचे नऊही गेटवर गेले आणि आजारी मुलगा खोलीत एकटा, असंही पाहिलंय.

बरोबर दोघांनी जावं. एक रांगेत, एक पेशंटपाशी. पिशवीत चिठ्ठी, आधार कार्ड, चालू गोळ्या, पाण्याची बाटली, चादर, चार्जर आणि थोडे सुटे पैसे. गोव्याची रहिवासी असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही. ही योजना २०१६ साली सुरू झाली, गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबांसाठी. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं कवच, चौघांपासून पुढे चार लाखांचं. पण ते भरती आणि शस्त्रक्रियांसाठी, खोकल्याच्या बाटलीसाठी नव्हे. कार्ड बहुतेकांच्या घरी कपाटात असतं, फोटो तरी मोबाईलवर ठेवा. सावंतवाडी-दोडामार्गाकडून आलेल्यांनी कॉलेजचा विमा आहे का ते प्रवेशाच्या वेळीच विचारून पावती जपावी.

गोमेकॉची ओपीडी म्हटली की सकाळी लवकर निघायचं, दहा वाजता पोचलेल्याने दिवस गेला असं समजायचं. मोठं इस्पितळ म्हणजे पणजी, असं माझे बाबा शेवटपर्यंत म्हणत. मांडवीच्या काठावर जिथे आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी असते तिथेच ते होतं. वैद्यकीय शिक्षणाची ती गादी १८४२ची. बाबांना बांबोळी लांब वाटायची. तुमच्या कॅम्पसवरून म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ जवळ असेल तर साध्या तपासण्यांसाठी तिथे जा, बांबोळीचा हट्ट धरू नका.

फुटकळ, पण रोजचं

सायलेन्सरचा चटका. गोव्यातल्या दर तिसऱ्या पोटरीवर असतो म्हटलं तरी चालेल. रेंटच्या स्कूटरवरून उतरताना उजव्या पायाच्या आतल्या बाजूला लंबगोल डाग. लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही नाही. पेस्ट खरवडून काढताना माझ्यासमोर दांडगी पोरं रडलीत. फोड फोडू नका, झाकून घेऊन या.

कुत्रा चावला किंवा नखाने रक्त काढलं तर आधी साबण आणि धो धो पाणी, पंधरा मिनिटं. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित जाहीर झाला म्हणून पोरं निर्धास्त असतात, लस घ्यायची ती घ्यायचीच. सरकारी इस्पितळात ती फुकट आहे. कातडीत देतात ती पहिल्या दिवशी, आणि मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खोल चावा असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं, त्यासाठी मोठ्या इस्पितळात जावं लागतं. अठ्ठाविसावा दिवस हमखास विसरला जातो, कॅलेंडरवर गोल करा.

साप चावला तर बांधू नका, चिरू नका, चोखू नका. पाय हलवायचा नाही, १०८.

हेल्मेटशिवाय पडलेल्याने "काही नाही झालं" म्हणून झोपू नये. डोक्याला मार असेल तर चोवीस तास कुणीतरी सोबत हवं. उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, जागं करूनही नीट न उठणं दिसलं की निघा.

आणि गजकर्ण. जुलै उजाडला की जांघेत खाजवत येणारी पोरं सुरू. कारण एकच: अर्धवट सुकलेली जीन्स. फार्मसीतलं तीन-औषधी मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, कारण त्यात स्टेरॉइड असतं. बुरशी मात्र आत पसरत राहते आणि महिन्याने डाग गोल ताटलीएवढा होतो. मलमाची ट्यूब बरोबर आणा, रागावणार नाही. डॉक्टर देतील ते मलम डाग दिसेनासा झाल्यावरही सांगितले तितके दिवस लावायचं. पावसात जीन्स घालूच नका, सुती पॅन्ट दोरीवर तरी सुकते. टॉवेल उसना देऊ नका, मित्र कितीही जवळचा असो.

सर्टिफिकेट

आजारपणाचा दाखला आजारी असतानाच मिळतो. परीक्षा संपल्यावर मागच्या आठवड्याच्या तारखेचा मागायला आलात तर सिस्टरच्या हातात काही नसतं आणि डॉक्टरांनी तो द्यायचाही नसतो. त्या दिवशी केस पेपरवर नोंद झाली असेल तर महिन्यानेही दाखला निघतो. म्हणून चालता येत नसलं तरी फोन करा, मित्राला पाठवा, नोंद होऊ दे. हजेरीच्या यादीला आठवडा असताना अचानक कंबर धरून येणाऱ्यांना आम्ही चालीवरून ओळखतो. खिडकीपर्यंत लंगडत यायचे आणि कागद मिळाला की जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायचे.

कॅम्पस सोडताना नो-ड्यूजवर दवाखान्याची सही लागते. त्या दिवशी नुसती सही घेऊन पळू नका. फाईलमधले रिपोर्ट, लशींच्या तारखा, औषधांची यादी यांची झेरॉक्स मागून घ्या, किंवा पानापानाचे फोटो काढा. मी निघाले तेव्हा मागच्या खोलीत सोळा वर्षांच्या फाईली सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या आणि खालच्या दोन गठ्ठ्यांना वाळवी लागली होती.